प्रश्न तुमचे : कोणी वाईट वागले तर?

सोलापूर शहरातल्या आणि आसपासच्या मंडळ्यांतल्या (चर्चमधल्या) वाचकांची पत्रे या खेपेला एकाच दुखण्याभोवती फिरत होती. समोरचा अन्यायाने वागतो, आपण ख्रिस्ती म्हणवतो, मग वागायचे कसे? पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. उत्तरे वाचताना पवित्र शास्त्र (बायबल) हाताशी असू द्या. संदर्भ उघडून पाहिले नाहीत तर अर्धे उत्तर हुकेल.

प्रश्न : आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येते. शेजारीण नळाला थेट मोटर लावते, मग आमच्याकडे करंगळीएवढी धार. बोलायला गेले तर गल्ली गोळा करते. शास्त्र म्हणते, वैरी तान्हेला असेल तर त्याला पाणी पाज. इथे तीच माझे पाणी पळवते, मी तिला काय पाजू?
– एक भगिनी, साखर पेठ

उत्तर : ताई, तुम्ही म्हणता ते वचन रोमकरांस पत्र १२:२० मध्ये आहे आणि पौलाने ते नीतिसूत्रे २५ मधून घेतले आहे. पण त्याच्या दोनच ओळी वर, १८व्या वचनात, तो सर्वांबरोबर शांतीने राहायला सांगतो आणि त्याला दोन अटी जोडतो : शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. म्हणजे तुमच्या वाट्याचे तुम्ही करायचे. तिच्या वाट्याचे तुमच्या डोक्यावर नाही.

तुमच्या वाट्याचे काय, तर बोलणे. पाण्याच्या दिवशी मात्र बोलू नका. त्या तासाभरात प्रत्येकीचा जीव हंड्यात अडकलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामे आटोपल्यावर, एकट्या जा आणि उंबऱ्यावर उभ्या न राहता आत बसून बोला. तक्रार घेऊन जाण्यापेक्षा तोडगा घेऊन जा : ‘तुमची मोटर सुरू झाली की आमची धार बंद पडते. पहिला अर्धा तास कुणीच मोटर लावायची नाही, पिण्याचं भरून घेऊ, मग तुम्ही लावा.’ नुसत्या तक्रारीवर माणूस भांडतो. तोडग्यावर निदान घासाघीस तरी होते. मागच्या वर्षीचा कचरा, तिच्या मुलाची गाडी, हे विषय त्या दिवशी तोंडातून काढू नका. एक जरी निघाला तरी पाण्याचे राहून जाते.

ऐकले नाही तर गल्लीतल्या आणखी दोघींना बरोबर घ्या. तरीही नाही, तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जा. नळाला थेट मोटर लावणे पालिकेला मान्य नाही, मोटर जप्तही होते. हा सूड ठरेल का? स्वतःला विचारा : सख्ख्या बहिणीने मोटर लावली असती आणि ऐकले नसते, तर मी हाच अर्ज दिला असता का? उत्तर ‘हो’ आले तर निश्चिंत अर्ज द्या.

आणि २०वे वचन? त्याचीही वेळ येते. कधीतरी तिची मोटर जळेल, नाहीतर तिच्या घरी पाहुणे आलेले असताना टाकी कोरडी असेल. त्या दिवशी दोन घागरी नेऊन द्या आणि कुणाला सांगू नका. पाणी देऊन गल्लीभर मिरवले तर तो गोड भाषेतला सूड झाला, आणि असा सूड बायकांपेक्षा पुरुषांना कमी जमतो असे मुळीच नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मागावर आहे. मुकादम सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देतो. गळ्यातला क्रूस बघून ‘दुसरा गाल पुढे कर की रे’ म्हणतो. माल डॅमेज झाला म्हणून पगारातूनही कापतात. ऐकून घ्यायचे की तोंड उघडायचे?
– एक बंधू, नीलम नगर

उत्तर : दादा, पत्रात दोन गोष्टी एकत्र बांधल्यात, त्या आधी सोडवू. शिवी हा अपमान आहे. कापलेला पगार हा पैशाचा हिशेब आहे. दोन्हींची वाट वेगळी.

शिवीबद्दल आधी. मत्तय ५:३९ मध्ये प्रभू मुद्दाम उजव्या गालाचे नाव घेतो. उजव्या हाताच्या माणसाने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजू लागते. म्हणून अनेक अभ्यासक तिथे जीवघेणी मारहाण नव्हे, तर अपमान अभिप्रेत आहे असे मानतात. अपमानाची परतफेड अपमानाने करायची नाही, हा तिथला मुद्दा. आता योहान १८:२२-२३ उघडा. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू हात उचलत नाही, शिव्याशाप देत नाही आणि गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे तो विचारतो. गाल पुढे करण्याची शिकवण ज्याने दिली, त्याचे हे वागणे. मुकादमाला एवढे सांगितले तरी पुरे : ‘येशूलाही मारलं होतं, तेव्हा त्यानं विचारलं होतं, का मारतोस म्हणून.’

हे कारखान्यात कसे करायचे? माग चालू असताना उत्तर देऊच नका. त्या खडखडाटात ऐकू जायला ओरडावे लागते, आणि ओरडून बोललेले नम्र वाक्यसुद्धा भांडणच वाटते. पाळी सुटल्यावर, मुकादम एकटा असताना गाठा. वाक्ये दोनच : ‘काम चुकलं असेल तर चूक दाखवा, सुधारतो. आईवरून बोलू नका.’ बोलून झाले की निघा. घात होतो तो तिसऱ्या वाक्यात, कारण ते बहुतेक वेळा ‘तुम्ही स्वतःला समजता कोण’ असे असते. पहिल्या खेपेला साक्षीदार नकोत. चार जणांसमोर मुकादमाला मागे हटता येत नाही. खासगीत त्याला शहाणे होण्याची वाट मोकळी राहते. दोनदा सांगूनही थांबला नाही, तर मग जोडीदाराला घेऊन मालकाकडे.

आणखी एक. दिवसभर गिळलेला राग संध्याकाळी घरी भाकरीच्या ताटावर निघतो. मुकादमासमोर संयम आणि बायकोसमोर आदळआपट, याला कुणी नम्रता म्हणणार नाही. घरी पोहोचण्याआधी चहाच्या टपरीवर दहा मिनिटे थांबा, देवाशी मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर मनात बोला, पण मुकादमाचे नाव घेऊन बोला.

आता पगार. याकोब ५:४ मध्ये मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असे म्हटले आहे. मजुरी मागणे हे तक्रारखोरपणात मोडत नाही. एक वही करा : तारीख, पाळी, किती नग काढले, किती डॅमेज दाखवले, किती रुपये कापले. डॅमेज झालेला नग त्याच दिवशी डोळ्यांनी पाहायला मागा, कारण एकदा गठ्ठा बांधून गेला की पुरावा गेला. दोन-तीन पगारांच्या नोंदी झाल्या की मालकाला दाखवा, तिथे नाही भागले तर युनियन किंवा सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय. शिव्यांची तक्रार या वहीत मिसळू नका. मालक ‘तुमच्या दोघांचं आपसातलं भांडण आहे’ म्हणून दोन्ही एकदम निकालात काढील.

नोकरी जाण्याची भीती खोटी नाही. वही बाहेर काढण्याआधी घरी बोला. इतर कामगारांचेही कापले जात असेल तर एकट्याने पुढे होण्यात शौर्य नाही. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौलाने ठणकावले की त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे (प्रेषितांची कृत्ये १६:३७). ते आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. पौलाने त्यांना शिक्षा मागितली नाही. पण लुदियेच्या घरी नुकत्याच जमू लागलेल्या विश्वासणाऱ्यांना पुढे कुणी सहज हात लावू नये, एवढे त्यातून नक्की साधले असणार.

प्रश्न : वडील वारले, मृत्युपत्र नाही. आई आहे, दोन भाऊ आणि मी. वडिलांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले घर आहे. मोठा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बसला आहे. ‘तू विश्वासणारी, दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण तुला ठाऊक. क्षमा केलीस ना, मग सही कर,’ म्हणतो. पूर्वी त्याने मला पुष्कळ दुखावले, ते मी खरोखर सोडून दिले आहे. सही केली नाही तर माझी क्षमा खोटी ठरेल का?
– एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही ठरणार. ताई, हे वाक्य आधी वाचा आणि मग बाकीचे.

क्षमा ही भावाच्या अपराधाची असते. हक्कसोडपत्र हा मालमत्तेचा दस्त आहे. भावाने चतुराईने दोन्ही एका पाकिटात घातले आहेत. तुम्हांला त्याचा अपराध सोडता येतो आणि त्याच दुपारी दस्तावर सही नाकारता येते. यात विसंगती नाही.

तुमचा हिस्सा किती ते आधी समजून घ्या, कारण किती हे माहीत नसलेली वस्तू कुणी दान करू शकत नाही. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तुमच्या घरी आईचे १/३ आणि तुम्हां तिघा भावंडांचे प्रत्येकी २/९. भावाने आईची सही आधीच घेतली आहे का, हेही विचारून घ्या. बऱ्याच घरांत पहिली सही तिचीच घेतलेली असते आणि म्हातारपणी ती बिचारी पाहुण्यासारखी राहते.

शास्त्रात याचा थेट दाखला आहे, आणि तो मंडळीत फारसा वाचला जात नाही. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. मोशे ते प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. उत्तर येते की मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्यांना कुणी लोभी म्हटले नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लूक १२:१३ मध्ये एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांग. येशू पंच व्हायला नकार देतो आणि लोभापासून जपायला सांगतो. म्हणून स्वतःचे मनही तपासा. वाटा हवा आहे की भावाची जिरवायची आहे? वाटा हवा असेल तर सरळ मागा. जिरवायची असेल तर थोडे थांबा, वाटा कुठे पळून जात नाही.

मनापासून सोडून द्यावेसे वाटले तर? तेही चालते. उत्पत्ती १३ मध्ये अब्राहामाने पुतण्या लोटाला जमिनीची पहिली निवड दिली. पण ती त्याने स्वतःहून दिली, लोटाने हिसकावली नाही. तुम्हांला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? भाऊ पुढे कधी आभार मानणार नाही असे धरून चालले तरी द्यावेसे वाटते का? नवऱ्याला आणि मुलांना हे माहीत आहे का? या तिन्हींना ‘हो’ असेल तर द्या. एकालाही ‘नाही’ असेल तर पेन खाली ठेवा. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर फिरवायचे तर फसवणूक किंवा दबाव न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावाविरुद्ध ते करताना नाते उरतसुरत नाही. वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा असेल त्या दिवशी काहीही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. दस्त वाचायला तुमचा वकील हवा, भावाने आणलेला नव्हे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

भावाला काय सांगायचे? ‘दादा, मागचं मी मनात ठेवलेलं नाही. सही मात्र करणार नाही. मामांना बसवून बोलू.’ चिडून बोलला तरी पुन्हा हेच, याच शब्दांत. दर वेळी नवे कारण दिले की तो प्रत्येक कारण खोडत बसतो. मामा नाहीत तर दोघांनाही मान्य असलेले मंडळीतले एखादे वडीलधारे, तेही नाही तर न्यायालयाचे मध्यस्थी केंद्र. भाऊ बहुधा १ करिंथ ६:७ ऐकवील, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असे. त्याच पानावरचे ८वे वचन त्याला वाचून दाखवा : तिथे अन्याय करणाऱ्याला, तोही आपल्या भावाबंदांवर करणाऱ्याला, पौलाने खडसावले आहे.

क्षमा दिसायची असेल तर ती दुसरीकडे दिसू दे. त्याच्या मुलीच्या लग्नाला जा आणि आहेर नेहमीसारखाच करा. स्वतःच्या मुलांसमोर मामाची उणीदुणी काढू नका. विश्वास मात्र लगेच टाकायची गरज नाही. योसेफाने आपल्याला विकून टाकणाऱ्या भावांना धान्य दिले, आडोशाला जाऊन रडलाही, पण ओळख द्यायच्या आधी त्याने त्यांना दोन खेपा पारखले. त्यांच्यातला यहूदा धाकट्या बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच योसेफाने तोंड उघडले (उत्पत्ती ४२ ते ४५).

प्रश्न : कॉलेजात मित्र विचारतात, ‘बाटायला किती पैसे मिळाले?’ आमच्या चार पिढ्या ख्रिस्ती आहेत. डोके सटकते.
– एक तरुण, विजापूर रोड

उत्तर : विचारणारा कोण ते बघ. चहा पिता पिता टपली मारणाऱ्याला ‘आजोबांनी हिशेब दिला नाही अजून’ म्हणून हसून मोकळा हो. खरेच जाणून घ्यायचे असेल तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेने सांग, पाच मिनिटांत, प्रवचन नको. मुद्दाम चारचौघांत डिवचणारा असेल तर उत्तर न देणे हेही उत्तर. पंडिता रमाबाईंवर मुलींना बाटवतात अशा आरोपांचा भडिमार झाला होता, १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदन या मुलींच्या शाळेच्या सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी उरलेल्या मुलींना शिकवणे चालू ठेवले. वाद धमकीवर किंवा हातघाईवर गेला तर मात्र प्राध्यापकांना लेखी कळव.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितले, ‘हा तुझा क्रूस आहे, उचल. पेत्राचे पत्र वाच.’
– (पत्त्याविना)

उत्तर : हा सल्ला चुकीचा आहे. पेत्राने छळ सोसणाऱ्यांना धीर दिला. छळणाऱ्याच्या हाती बायको सोपवली नाही. त्याच पत्रात, ३:७ मध्ये, नवऱ्याने पत्नीला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांत अडथळा येतो, असे लिहिले आहे. ते वचन त्या वडीलधाऱ्यांनी तुमच्या नवऱ्याला कधी ऐकवले? शौल राजाने भाला फेकला तेव्हा दाविदाने अंग चोरले आणि रात्री घर सोडले (१ शमुवेल १९:१०). पुढे शौल हाती सापडला तेव्हा त्याने त्याला मारले नाही, पण त्याच्या पंक्तीला परत जाऊन बसलाही नाही.

आता करायचे ते. जीवावर बेतत असेल तर ११२. सल्ला आणि आसऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. मार लागला असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा आणि कशाने लागले ते डॉक्टरांना खरे सांगा. ‘जिन्यावरून पडले’ असे केसपेपरवर लिहिले गेले की पुढे अवघड जाते. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासातल्या बाईकडे ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. नवऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. सुरक्षित जागी बसून केलेली प्रार्थनाही देवापर्यंत पोहोचते. तो रडत परत बोलावील तेव्हा अश्रूंवर जाऊ नका. दारू सुटून काही महिने झाले का, उपचार चालू आहेत का, मारल्याचे तो चारचौघांत कबूल करतो का, हे पाहा.

प्रश्न : पतसंस्थेच्या कर्जाला मित्राला जामीन राहिलो. त्याने हप्ते बुडवले, आता माझ्या पगारातून कपात होते. प्रार्थनेत त्याला क्षमा केली. पण दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हाती आली की डोके फिरते. मी ढोंगी आहे का?
– एक बंधू, मुरारजी पेठ

उत्तर : मत्तय १८ मधला दाखला कर्जाचाच आहे, तेव्हा आकडे मांडूनच बोलू. चाकराचे राजाला देणे दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सगळे मिळून सहा कोटी दिवसांची मजुरी. राजा ते सारे माफ करतो. त्याच चाकराला सोबत्याकडून येणे असतात शंभर दिनार, आणि ते तो सोडत नाही. फरक सहा लाख पटींचा. प्रवचनात इथे बहुधा सांगतात की शंभर दिनार किरकोळ होते. ते किरकोळ नव्हते. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांचा पगार, हे तुमच्याइतके कुणाला कळणार? प्रभूने तुमचे नुकसान लहान ठरवलेले नाही. म्हणून चिठ्ठी पाहून पोटात खड्डा पडतो, यात ढोंग नाही.

पेत्राला सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले, तेव्हा आपण नवे नवे अपराध डोळ्यांपुढे आणतो. एकाच अपराधाचे हप्ते असतात. तुमचा हप्ता दर महिन्याला कापला जातो, तेव्हा क्षमाही दर महिन्याला करावी लागेल. पगाराच्या दिवशी चिठ्ठी घेऊन बसा. किती गेले ते मोठ्याने वाचा. मग स्तोत्र ५५ वाचा. त्यात लिहिणाऱ्याला दुखावणारा कुणी वैरी नाही, जिवाभावाचा सोबती आहे, आणि तो देवासमोर अगदी वाईटसाईट बोलून घेतो. तुम्हीही बोला. तिथे बोललेले पतसंस्थेच्या पायरीवर बोलायची गरज उरत नाही. शेवटी मित्रासाठी एक नेमकी गोष्ट मागा, त्याच्या मुलाच्या फीची, त्याला काम लागण्याची. ‘त्याला आशीर्वाद दे’ एवढे मोघम मागितले तर मन तिथे गुंतत नाही.

उरला पैशाचा प्रश्न. जामीनदाराने फेडलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला कायद्याने आहे. वसूल करणार असाल तर कपातीच्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि मित्राला आकडा लिहून कळवा. सोडून देणार असाल तर तसेही त्याला स्पष्ट सांगा आणि हिशेब ठेवणे त्या दिवसापासून बंद. चुकते ते मधल्या अवस्थेत : तोंडाने सोडले म्हणायचे आणि डायरीत बेरीज चालू ठेवायची. आणि नीतिसूत्रे २२:२६ वाचून पुन्हा कुणाला जामीन राहू नका.

प्रश्न : मंडळीतल्या एका बहिणीने माझ्याविषयी खोटे पसरवले, महिला मंडळाचे पैसे मी खाल्ले म्हणून. सुरुवात ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ अशी झाली. मी मंडळीत जाणे बंद केले. प्रभुभोजनही घेतले नाही.
– एक भगिनी, रेल्वे लाइन्स

उत्तर : ‘प्रार्थनेसाठी सांगते’ या नावाखाली जितकी निंदा चालते तितकी नळावरही चालत नसेल.

मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत. पहिली, एकटीने जाऊन तिलाच सांगणे. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो, आणि तिचा स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत पंचवीस घरांत जातो. जाताना पैशांची वही आणि पावत्या घेऊन जा. ‘तू खोटारडी’ असे न म्हणता, ‘मी पैसे घेतले असं तू अमुक बहिणीला सांगितलंस असं कळलं. हा हिशेब. यात कुठे कमी दिसतं ते दाखव,’ असे म्हणा. तिने खरेच सांगितले होते का, हेही तिथेच कळेल. ऐकीव गोष्टीत निम्मे भांडण मधल्या माणसाने वाढवलेले असते.

मानले नाही तर एक-दोन जणी बरोबर. तुमच्या मैत्रिणी नेऊ नका, तिला पथक आल्यासारखे वाटेल. तिचाही मान राखणारी आणि तुमची चूक असेल तर तोंडावर सांगणारी कुणी घ्या. तिसरी पायरी मंडळीची, म्हणजे पाळकसाहेब आणि पंच. त्यांना लेखी द्या आणि महिला मंडळाचा हिशेब बाहेरच्या दोघांकडून तपासून घ्या अशी तुम्हीच मागणी करा. हिशेब बरोबर निघाला तर तो जिथे संशय पसरला तिथे, म्हणजे महिला मंडळाच्या सभेत, वाचला जावा आणि इतिवृत्तात लिहिला जावा. बंद खोलीत ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणून दोघींचे हात मिळवून दिले तर संशय आहे तिथेच राहतो. पुढे तिने चूक कबूल केली तर लूक १७:३ प्रमाणे क्षमा करा. पण खजिनदारपण लगेच तुम्हांला परत मिळाले नाही तरी तो वेगळा अपमान समजू नका.

प्रभुभोजनाचे म्हणाल, तर मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण ठेवून आधी जायला सांगितले आहे. कुठे जायचे, तर ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे त्याच्याकडे. तुम्ही गेलात, बोललात, दार तिने लावले, तर तुमचा भाग झाला. येत्या रविवारी मंडळीत जा आणि प्रभुभोजन घ्या. ती शेजारच्या बाकावर असेल तर ‘जय ख्रिस्त’ म्हणा. एवढे पुरे, चहाला बोलावलेच पाहिजे असे नाही.